वाढत्या मापाचे क्लीट्स

५ जानेवारी २००५, नेपरव्हिल (शिकागोजवळ)

पोचले एकदाची! सोलापूरची वीणा, पाचव्या महिन्याचं पोट पुढे काढून, चक्क बर्फात उभी! अवधूत विमानतळावर फुलं घेऊन आला होता, पण गाडीपर्यंत जाईतो त्यांची पार भाजी झाली. अपार्टमेंट लहान आहे पण गोड आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठलेलं तळं दिसतं आणि त्याच्या काठाकाठानं जाणारी फिरायची वाट. गाडीतून दारापर्यंत येताना मी नवऱ्याचा दंड असा धरला की त्याला वळ उठले. उठू देत. लग्नानंतर किती वर्षांनी हे बाळ येतंय. मी पडायचं नाही, एवढंच मला कळतं.

८ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की रोज चाला, पण पडू नका. जसं काही मी हौसेनं पडणार आहे! म्हणून आज क्लीट्स घ्यायला गेलो. बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला खालून चढवायची रबरी जाळी असते ती. स्प्रिंगवाले मऊ बर्फाला बरे, पण काचेसारख्या कडक बर्फावर सरकतात. साखळीवाले जड. पोलादी टोकांचे मला लगेच पटले, तर नेमके माझ्या मापाचे संपलेले! अवधूत म्हणाला, "यार, एक साइझ मोठे घे, नाहीतरी पाय सुजणारच." आपल्याकडे सगळं वाढत्या मापाचंच घेतात. माझा शाळेचा गणवेश दहावीपर्यंत मला नीट बसला नव्हता. दुकानातल्या आजोबांनी मात्र साफ नकार दिला. सैल क्लीट ऐन वेळी निघतो, त्यापेक्षा नसलेला बरा, म्हणाले. आणि घरात शिरताना काढा, गुळगुळीत फरशीवर हीच टोकं घसरतात. रिकाम्या हातानं परत आलो. मी जरा फुगूनच होते.

१५ जानेवारी

इथल्या मराठी मंडळातल्या शोभनाकाकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. मंडळातल्या सगळ्या जणी गॅरेजमध्ये बूट काढून, काठापदराच्या साड्यांखाली लोकरी मोजे घालून बसल्या होत्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि वाण काय, तर क्लीट्स! मला हसूच आलं. पण काकू हसल्या नाहीत. निघताना त्यांनी गॅरेजच्या थंड जमिनीवर बसून प्रत्येकीच्या बुटावर ते स्वतः चढवले आणि ओढून ओढून पाहिले. साठीच्या बाईनं पायाशी बसावं, मला कसंतरीच झालं. माझे अगदी घट्ट बसले, तेव्हा कुठे त्या उठल्या. दरवर्षी हेच वाण देतात म्हणे. का, ते कुणी सांगितलं नाही.

२२ जानेवारी

आता मी रोज तळ्याकाठी फिरते. क्लीट्स झकास आहेत, पाऊल जमिनीला धरून बसतं. आज भर दुपारी एक मराठी बाई भेटली! लाल कोट, खाली साडीची किनार, मंगळसूत्र, आणि पोट माझ्याहून मोठं. नाव शरयू. तिच्या उजव्याच बुटाला क्लीट होता. मी थट्टेनं म्हटलं, दुसरा काय नवऱ्याला दिलात? ती माझ्या पायांकडे बघत राहिली. तुमचे घट्ट आहेत, म्हणाली, माझे सैल होते. फार एकटी वाटली बिचारी. मी आपल्या सवयीनं म्हटलं, घरी या हं हळदीकुंकवाला. तिनं विचारलं, ओटी भराल? माझी राहिली आहे. भरीन की, म्हटलं, अगदी मनापासून. घरी आल्यावर लक्षात आलं, तिला पत्ता सांगायचा राहिलाच.

२४ जानेवारी

काकूंना फोनवर शरयूबद्दल सहज सांगितलं. त्यांनी फोनच ठेवला. मग त्या स्वतःच गाडी काढून आल्या.

शरयू त्यांची सून. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, सातव्या महिन्यात. पाय सुजताहेत म्हणून काकूंनीच तिला वाढत्या मापाचे क्लीट्स आणून दिले होते. तळ्याच्या वाटेवर डावा निघाला, ती पडली आणि घसरत पातळ बर्फावर गेली. बर्फ फुटला. ती वाचली नाही, बाळही नाही. रथसप्तमीला तिची ओटी भरायची ठरली होती.

काकूंनी विचारलं, तू तिला काय बोललीस? मी सांगितलं. त्यांनी माझी मनगटं इतकी घट्ट धरली की दुखली. रथसप्तमी जाईपर्यंत दार उघडू नकोस, म्हणाल्या. मी चहा केला. दोघींनीही तो प्यायला नाही.

३० जानेवारी

फिरणं बंद. अवधूत म्हणतो, काकू अजून दुःखातून सावरल्या नाहीत, दुसरी कुणी शरयू असेल. असेल. पण आज खिडकीतून पाहिलं, तळ्याकडून आपल्या इमारतीकडे पावलं आली आहेत. उजव्या पावलात टोकांचे ठिपके. डावं सपाट, फरफटलेलं. परत गेलेली पावलं नाहीत.

५ फेब्रुवारी

जिन्यात ठिपके. अवधूतनं पुसले. कुणाचेही असतील, म्हणाला, पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

मला फार भीती वाटते. त्याला तसं सांगितलंसुद्धा. त्यानं जवळ घेतलं आणि सकाळी ट्रेननं शिकागोला ऑफिसला गेला. जावं तर लागतंच.

११ फेब्रुवारी

दाराच्या आत. फरशीवर. टक्, मग फरफट. टक् — फरफट. मी पलंगावर, पोटाला हात लावून. बाळ सकाळपासून हललं नव्हतं. आवाज थांबला तेव्हा हललं. मी रडले.

अवधूतला सांगितलं, मला इथून ने. मंगळवारनंतर जाऊ, म्हणतो, सुट्टी मिळत नाही. मंगळवारीच तर —

१५ फेब्रुवारी, रथसप्तमी

सकाळपासून पडता पडता गोठणारा पाऊस, सगळ्यावर बर्फाची काच चढली आहे. ट्रेन बंद. अवधूत शिकागोत अडकलाय. काकू निघाल्या होत्या, गाडी वळणावर घसरून फिरली, चालत येतेय म्हणाल्या. मग फोनच बंद.

दाराला दोन्ही कड्या आहेत. मी उघडलं नाही. देवाशपथ उघडलं नाही.

ती सोफ्यावर बसली आहे. बूट घालूनच. लाल कोटातून पाणी गळतंय.

लिहिते आहे, कारण लिहिणं थांबलं की तिच्याकडे बघावं लागेल.

तिनं पदर पसरला. घरात नारळ नाही. तांदूळ आणले, ओंजळीतून सांडले — ती म्हणते, तांदूळ नकोत. नारळ नको. भरीन म्हणाला होतात ना —

तिनं हात पुढे केला. मला शिवलीसुद्धा नाही —

पोट गार पडतंय. आतून. हलकं —

तिच्या पदरात काहीतरी हलतंय —

बाळा, पाय मार. एकदा मार. मी पडले नाही रे, एकदाही पडले नाही, तू फक्त इथे —