तीनला बंद पडणारा कम्प्युटर

कोइम्बतूर, १७ ऑक्टोबर

चि. कदिरवेल यास,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. होसूरच्या कारखान्यात रुजू झालास, हे तुझ्या वहिनीकडून कळलं. सख्ख्या भावाला कळवावंसं वाटलं नाही, असो. आम्ही बरे आहोत. वहिनीचा गुडघा तसाच आहे.

बरा नाही तो वर्कशॉपातला कम्प्युटर. तू आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी गेलास आणि तिसऱ्या दिवसापासून हा रोज दुपारी तीनच्या सुमाराला बंद पडतो. आधी निळा पडदा, मग आतून टकटक. सकाळी मात्र शहाण्यासारखा चालतो. अकरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. पंपांच्या पात्यांची तू काढलेली साडेतीनशे ड्रॉइंगं त्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. ती गेली तर वर्कशॉपला कुलूप लावावं लागेल.

पण तीनच का? तीनला तू कॉफी प्यायला उठायचास. "अण्णा, हे धूड बदला, नाहीतर एक दिवस रडाल," म्हणालास. मी म्हणालो, चालतंय तोवर चालू दे. त्यावरून भांडून गेलास, आणि आता हा मला रडवतोय. मी दूधखुळा नाही, तंबी, तुझा थोरला भाऊ आहे. आत काही घालून गेला असशील तर सांग, मी कोणापाशी बोलणार नाही.

नाच्चिमुत्तु


कोइम्बतूर, २२ ऑक्टोबर

कदिरवेल,

उत्तर नाही. म्हणजे काय समजायचं ते मी समजलो.

वायर बदलली. आतल्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, तू घासायचास तशा. काल एक युक्ती केली, कम्प्युटरचं घड्याळच तीन तास मागे नेलं. तू तीनचा मुहूर्त लावून ठेवला असशील, तर फसेल. तरी तो खऱ्या तीनलाच पडला! आज समोर टेबलफॅन लावला, तर चारपर्यंत चालला. म्हणजे घड्याळ बदललं की त्याला कळतं आणि पंखा लावला की तो वेळ बदलतो. एवढं डोकं या घरात एकाचंच आहे.

वहिनी म्हणते, "ज्याने अकरा वर्षं त्याला पुसलं, तो त्याचा घात करील?" तुझी बाजू घ्यायची तिची खोड जुनीच. तुझ्या नव्या मालकांचा नंबर तिच्या वहीत सापडला. सहज सांगतो.

नाच्चिमुत्तु गौंडर, मालक


कोइम्बतूर, २६ ऑक्टोबर

कदिरा,

काल गांधीपुरमच्या दुकानातून मल्लिगा आली. जुन्या डिस्का दुरुस्त करते, तोंडाने फटकळ. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "भावाने काय घातलंय ते शोध." तिने डिस्क बाहेर काढली, उजेडात धरली आणि खो खो हसत सुटली.

"अण्णे, हिचं नाक कोणी बुजवलं? तेही चंदनानं!"

डिस्कवर एक बारीक भोक असतं, भोवती गोल. खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं, हे झाकू नका. "दुपारी तापली की आतली हवा फुगते, जायला वाट नाही. त्यावर लावलेल्या कुंकवाचा कण आत गेला असेल तर बघायलाच नको," मल्लिगा म्हणाली. "डिस्कला गंध लावणारा महात्मा कोण?"

आयुधपूजेला तू धूळ काढायला झाकण उघडलं होतंस. "आत हात घालू नका अण्णा, पूजा बाहेरूनच," असं बजावून तू चुरमुरे खायला गेलास. मला वाटलं, लेथला गंध, ड्रिलला गंध, करवतीला गंध, आणि खरं काम करणारी ती आत कोरडीच? तो गोल तर गंधासाठीच आखल्यासारखा होता. माझ्या बोटाचं टोक लेथने नेलेलं, त्यामुळे माझा ठसा चपटा उठतो. भोकावर तोच चपटा ठसा होता.

दोनशे ड्रॉइंगं वाचली. बाकीची गेली.

आता जे टाळत होतो ते लिहितो. तुझ्या मालकांना मी फोन केला होता. शनिवारी, बावीस तारखेला, पत्र टपालात टाकून आल्यावर. म्हणालो, "त्याला कम्प्युटरजवळ बसवू नका, माझ्याकडे घात करून आलाय." तुला गोदामात पेट्या उचलायला लावलंय, हे वहिनीने आज रडत सांगितलं. ते माझ्यामुळे झालं. तुला माहीत असेल किंवा नसेल, पण ते माझ्या हातून कळावं.

आज त्यांना पुन्हा फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, तुमचं शनिवारचं खरं मानू की आजचं?" फोन ठेवला आणि होसूरच्या बसची वेळ विचारून आलो.

सोमवारी पहिल्या बसने होसूरला येतो आहे. डिस्क रुमालात बांधून आणतो, पिवळा डाग अजून आहे. तो आणि माझं बोट, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवीन. तुला परत कम्प्युटरपुढे बसवेपर्यंत त्यांच्या पायरीवरून उठणार नाही.

तुला वाटेल, ड्रॉइंगं गेली म्हणून अण्णा गोड बोलतोय. वाटू दे. आता संशय घ्यायची पाळी तुझी. ड्रॉइंगं काढून दे असं मी म्हणणार नाही. मंगळवारी दिवाळी. पहाटेच्या तेलासाठी वहिनी तुझा पाट मांडणार आहे, तेवढंच सांगतो.

घात केला तो मीच,
तुझा अण्णा