यापुढे पत्ते सांडू नयेत

मी, दत्ताराम विठोबा साटम, धंदा शिवणकाम, राहणार मुलुंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पुरत्या शुद्धीवर राहून लिहीत आहे. डोके शाबूत आहे. शरीराचे म्हणाल तर मला पोटाचा कॅन्सर आहे. घरात त्याला अल्सर म्हणतात, म्हणून खरा शब्द मीच इथे लिहून टाकतो.

१. माझ्या दोन खोल्या, पोस्टातली शिल्लक व घरातले सामानसुमान माझी पत्नी सौ. प्रेमा हिला मिळावे. त्यात कोणी वाटा मागू नये.

२. शिवणाचे मशीन व मोठी कात्री मुलगी शुभा हिला. शुभा, त्या कात्रीने कागद कापायचा नाही.

३. धाकटा भाऊ बाळा याने वडिलांची समई परस्पर नेली. ती त्यालाच लखलाभ असो, माझा राग गेला. मात्र तो भेटायला येतो तेव्हा उशाशी हात जोडून असा उभा राहतो, की मीच उठून त्याची समजूत काढावी असे वाटते. त्याला यापुढे कोणत्याही आजारी माणसाजवळ बसवू नये.

४. शेजारी सहदेव परब रोज संध्याकाळी येतो आणि आम्ही झब्बू खेळतो. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरतात तो गाढव. आजारी पडल्यापासून घरात मला कोणी गाढव होऊ देईना. माझ्यावर झब्बू येणार, म्हणजे खाली पडलेली पाने मला उचलावी लागणार असे दिसले, की प्रेमाच्या हातून पत्ते सांडायचे आणि डाव मोडायचा. सहदेव तेवढा सोडत नसे. "आजारी आहेस म्हणून काय झालं? उचल पत्ते!"

एकदा आम्ही दोघेच असताना त्याने विचारले, "भीती वाटते काय रे?" मी म्हटले, "वाटते." होशील बरा, असे तो म्हणाला नाही. "कशाची?" म्हणाला आणि पिसलेले पत्ते तसेच धरून ऐकत बसला. त्या दिवशी डाव झालाच नाही आणि रात्री मला गाढ झोप लागली. त्याचे हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

५. म्हणून पत्त्यांचा जोड सहदेवला द्यावा असे ठरवले होते. विद्याधर वकील म्हणाले, घेणारा माणूस साक्षीदार नसावा, उद्या कोणी शंका काढेल. सहदेव म्हणाला, "मग मी सहीच करतो. पत्ते वहिनींकडे राहू देत, म्हणजे मला खेळायला यावं लागेल." सबब पत्ते प्रेमाला.

६. हे सर्व मी काल प्रेमाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"तू पत्ते सांडायला लागलीस तेव्हापासून."

ती रडली, मीही रडलो. इतके दिवस एकटीने ते ओझे वाहिलेस, प्रेमा, माझी तक्रार नाही. संध्याकाळी सहदेव आला, डाव बसला. इस्पिकची उतारी होती, माझे पान सर्वांत मोठे होते आणि तिच्याकडे इस्पिक नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि किलवरची राणी खाडकन माझ्या पुढ्यात टाकली. "घ्या झब्बू! उचला आता!" डोळ्यांत पाणी होते, पण पत्ते हातात घट्ट होते. मी उचलले, आणि कित्येक महिन्यांनी गाढव झालो. एवढे सुख मला औषधाने दिले नाही.

७. माझे दिवसवार झाले की प्रेमा, शुभा आणि सहदेव यांनी डाव बसवावा. दुःखात आहे म्हणून प्रेमाला कोणी मुद्दाम जिंकू देऊ नये.

वर लिहिलेले सर्व माझ्या मनाप्रमाणे आहे. वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करतो.

मुलुंड, ता. ८ डिसेंबर १९५७

सही: दत्ताराम विठोबा साटम
(काल संध्याकाळचा गाढव)

साक्षीदार:
१. विद्याधर मोरेश्वर गुप्ते, वकील
२. सहदेव गोविंद परब, शेजारी