संध्याकाळी पाचला पोरी घरी

प्रिय सुलभामावशी,

काल मंडळाने मुलींच्या कॅम्पचा वर्धापनदिन साजरा केला. तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झाला नाही आणि तुमच्या कॅम्पचा संस्थापक बदललासुद्धा! शाल-श्रीफळ मिळालं वसंतरावांना. घरी आल्यापासून अंगाचा नुसता तिळपापड होतोय. बोलू कुणाशी? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

भाषणात तुमचं नाव आलं, नाही असं नाही. "सुलभाताईंचे पोहे कोण विसरेल!" एवढंच. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मावशी, तुम्ही पोहे करायला होतात का हो तिथे?

तीसेक वर्षांपूर्वी मंडळाचे मुलगे उन्हाळ्यात डोंगरावर तंबू ठोकून राहायला जायचे आणि अमेरिकेत येऊनही मुली इथे फ्रीमाँटमध्ये धाकट्या भावंडांना सांभाळत बसायच्या. "पोरींना रात्रीचं बाहेर कसं ठेवायचं?" मीटिंगमध्ये एकजात सगळ्या बापांचा हाच प्रश्न. तुम्ही म्हणालात, "नका ठेवू. मी दिवसाचा कॅम्प घेते. संध्याकाळी पाचला पोरी घरी." त्यावर बापांनी माना डोलावल्या. मी तेव्हा व्हिसावर नोकरीची परवानगी नाही म्हणून घरी बसलेली. मला तुम्ही व्हॅन चालवायला घेतलंत.

मग तुम्ही पोरींना, त्यांच्याबरोबर मलाही, पोहायला शिकवायला पूलमध्ये उतरवलंत आणि फोन सुरू झाले. कपड्यांवरून कुरकुर होतीच, पण सगळ्यात मोठं संकट म्हणजे ऊन! वसंतराव त्यांच्या लेकीला, नेहाला, न्यायला थेट पूलवर आले. ती बिचारी काठाला धरून नुकतीच पाय मारायला लागली होती. "टॅन होऊन काळी पडली तर उद्या लग्नाचं काय?" नऊ वर्षांची होती हो पोर! तुम्ही म्हणालात, "काळी पडेल, पण बुडणार नाही." तरी ते तिला घेऊन गेले. त्यांचं बघून आणखी कितीतरी पोरी गळल्या.

आणि राग तुमच्यावरही आहे. कॅम्प वाढला तसे हेच लोक कमिटीवर आले. तुम्ही मात्र "जाऊ दे गं, पोरी येतायत ना" म्हणत मागच्या खुर्चीत जाऊन बसलात. का बसलात? तुम्ही जाऊ दिलंत, म्हणून तर त्यांनी नेलं.

काल वसंतरावांनी जाहीर केलं, "या वर्षी स्विमिंग कॅन्सल केलंय. त्याऐवजी रांगोळी आणि श्लोक." मला राहवेना. उठून माइक घेतला. "हा कॅम्प सुलभामावशींनी..." इतकंच बोलले, तर वसंतराव हसून म्हणतात, "वहिनी, नाश्ता थंड होतोय." आणि माणसं खरंच नाश्त्याला उठली!

पार्किंगमध्ये माझी इरा रडवेली झाली होती. "मम, दे जस्ट इरेज्ड हर!" पुसूनच टाकलं तुम्हाला, खरंय तिचं.

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. नेहा! वसंतरावांची तीच नेहा, हाताशी तिची लेक रिया.

"काकू, रियाला स्विमिंग शिकवाल? बाबांना सांगितलेलं नाहीये." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "आणि मलाही. आय स्टिल कान्ट स्विम."

मावशी, शनिवारपासून दोघींना शिकवणार आहे, भर उन्हात. हा कॅम्प कुणी सुरू केला आणि नेहाला पाण्यातून कुणी ओढून नेलं, ते रियाला आधी सांगीन, मगच पाण्यात उतरवीन. हे माझं वचन. आता तिथून "जाऊ दे गं" म्हणू नका.

तुमचीच,
मीनल