याहून बरी सीट

धाकट्या,

मला लेकीकडे पाठवायला, कार्डाच्या पॉइंटांवर विमानाची फुकट सीट शोधून देणाऱ्या त्या ॲपला तू आठ महिने पैसे भरतोयस. सीट सापडली की ते टुणकन वाजतं, आणि तू मुलगी बघायला आल्यासारखं नाक मुरडतोस, "थांब आई, याहून बरी मिळेल." तिकडे परदेशात तुझ्या बहिणीचं पोर बसायला लागलं, आता उभं राहील.

काल तू अंघोळीत असताना ते वाजलं. मी सूनबाईला तुझ्या पॉइंटांवर माझं तिकीट काढायला लावलं. तिला रागवायचं नाही. संडासाशेजारची मधली सीट आहे, मला चालते.

मी निघाले, जेवण झाकून ठेवलंय. परतीची सीट तू शोध. चांगली मिळेपर्यंत थांब, मला घाई नाही.

आई