नेरिडा, पुन्हा डिझेल पाजलंस!

प्रिय ब्रॉनविन,

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, ती किटोनची पेयं थोतांड आहेत. बाबांची स्मरणशक्ती त्यानं परत यायची नाही. रविवारी येऊन सगळ्या बाटल्या ओतून टाकते."

ये तर खरी! डॉक्टर असशील तुझ्या ॲडलेडमध्ये.

क्लेम दिवसभर मला नर्स समजतो. "थँक्यू हं, बाई," म्हणतो. सकाळी त्या पेयाचा घोट तोंडात गेला, की मात्र त्याच्या जुन्या, मेंढ्या कातरायच्या शेडमधली शिवी हासडून ओरडतो, "नेरिडा, पुन्हा डिझेल पाजलंस!"

पोटात पोचायच्या आधीच ओरडतो, म्हणजे हा गुण किटोनचा नाही, त्या घाण चवीचा आहे, एवढं मलाही कळतं. असू दे. दिवसातून एकदा माझा नवरा मला नावानं शिव्या घालतो. त्या बाटल्यांतला थेंबही मी तुला ओतू देणार नाही.

हे पत्र टाकत नाही. रविवारी दारातच ऐकवीन.

तुझी आई,
आणि सकाळपुरती त्याची नेरिडा