फटीवाल्याच्या भिंतीला भोक न पाडण्याबाबत

प्रति,
माननीय हवा तपासणी अधिकारी,
आमच्या दुकानाशेजारची इमारत.

विषय: तळघरातील वायूची नोटीस त्याच्या पालकावर बजावण्याबाबत.
संदर्भ: माझ्या दारावरची आपली नोटीस. (डिंक कमी पडला होता, मी नीट चिकटवून घेतली.)

महोदय,

दारं-खिडक्यांच्या फटी बुजवण्यात या शहरात माझा हात धरणारा कोणी नाही. नमुना म्हणून तळघरातलं माझं दुकानच मी असं बंद केलंय की वाऱ्यालाही विचारून आत यावं लागतं.

त्याच दुकानात आपल्या तपासनीसांनी यंत्र ठेवलं आणि रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू सापडला. तो जमिनीतून येतो. फरशीच्या फटी गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, म्हणून तेवढ्या मी सोडल्या होत्या. तिथून तो आत आला आणि बाहेर जायला मी जागा ठेवली नव्हती. त्यानं कॅन्सर होतो म्हणून आपण दुकान बंद केलंत. भिंतीला भोक पाडलं तरच उघडणार. साहेब, फटीवाल्याच्याच भिंतीला भोक दिसलं तर मला काम कोण देईल? सासूबाई आत्ताच म्हणतायत, "जावईबापू, घराला हवा लागू दिली नाहीत, आता घ्या."

तपासनीस म्हणाले, हा रेडियमपासून निघतो, म्हणून नाव रेडॉन. म्हणजे बापाचं नाव लावतो. पोरानं काच फोडली तर आपण बापालाच बोलावतो ना? तरी नोटीस रेडियमला द्यावी. पूर्वी याला 'चमकणारा' अशा अर्थाचं नाव होतं, हेही कळलं. म्हणून पुरावा बघायला मी आणि बायको दिवे घालवून तळघरात बसलो. चमकलं काही नाही. सासूबाई मात्र चहा घेऊन जिना उतरल्या आणि थेट माझ्या मांडीवर पोचल्या. तो गोठला तरच चमकतो, हे तपासनीसांनी नंतर सांगितलं.

तरीही आपला मान राखून, रस्त्यावरून दिसू नये म्हणून मी मागच्या भिंतीतून पाइप काढला आणि पंखा लावला. आता दुकानातली हवा शुद्ध आहे. फेरतपासणी करून दुकान उघडून द्यावं, ही विनंती.

आपल्याच दारात ताटकळणारा,
फटीवाला

ता. क. पाइपचं दुसरं तोंड आपल्या दप्तरखोलीत निघालंय. तिथलं यंत्र वाजल्यामुळे आपलं ऑफिस आज बंद आहे. अर्ज दाराखालून सरकवून पाहिला. ती फट गेल्या वर्षी मीच बुजवली आहे. अर्ज आत जात नाही.