मी मेले तरी माझी हरकत आहे

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, लग्न नाही, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते आहे. कोणी दबाव टाकलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. डोकं जागेवर आहे, फक्त तापलेलं आहे, आणि वकीलबाई म्हणाल्या की तापलेलं डोकं कायद्याला चालतं. हृदयाची झडप तेवढी धड चालत नाही. ती बदलायला पुढच्या आठवड्यात मला हॉस्पिटलात भरती व्हायचंय. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, आणि त्याच दमात एका कागदावर सही घेतात की काही झालं तर आमच्यावर नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात 'स्थावर व जंगम मिळकत' असं होतं. जंगम म्हणजे जंगलातली जमीन असेल, आपल्याकडे ती नाही, म्हणून मी ते खोडलं. बाईंनी कपाळाला हात लावला. जंगम म्हणजे हलवता येतं ते, आणि स्थावर म्हणजे जागचं हलत नाही ते. बरं. मग पुनर्विकास मंडळाचा प्लॅन पास झाला तर आमच्या गल्लीत स्थावर असं काही राहणारच नाही.

हे लिहायचं कारण तेच आहे. मंडळ आमची गल्ली पाडून नवी बांधणार आहे. पुढच्या महिन्यात प्लॅनवर सुनावणी आहे. तिथे फक्त खोलीधारकाने बोलायचं, एका खोलीमागे एकाने. खोलीधारक मेला असेल आणि वारस ठरलेला नसेल, तर मंडळ त्या खोलीपुढे लिहितं, 'हरकत नाही'. हा त्यांचा छापील नियम आहे, मी दोनदा वाचला. जिवंत माणूस घसा फाडून ओरडला तर यांना ऐकू येत नाही, आणि मेलेला गप्प पडून राहिला तर त्याचं 'हरकत नाही' लख्ख ऐकू येतं! मी माझ्या वतीने बोलायला कोणाला तरी मुखत्यारपत्र देणार होते, पण वकीलबाई म्हणाल्या, ते तुझ्याबरोबरच मरतं. म्हणून मृत्युपत्र.

कलम १. खोली.
वरच्या मजल्यावरची, एका खिडकीची, दोन शिलाई मशीनची, बाबांनी माझ्या नावावर केलेली खोली मी माझ्या आत्याला देते. खोलीबरोबर सुनावणीत बोलण्याचा हक्कही तिचा. आई-बाबा गेल्यावर तिने मला वाढवलं, खालच्या कटिंग हॉलमध्ये दिवसभर उभं राहून कापड कापलं आणि माझी शाळा भागवली. माझ्या जन्माच्या आधीपासून ती या गल्लीत राहते, पण खोली आधी बाबांच्या नावावर आणि मग माझ्या, म्हणून मंडळाच्या लेखी ती 'इतर रहिवासी' आहे. इतर! तिच्या हातच्या कॉलरी घालून मंडळाचे अर्धे लोक ऑफिसला जात असतील.

माझ्या दादाचा या खोलीवर हक्क नाही. बाबांनी त्याला बाहेरची जागा दिली, त्यावर त्याने घर बांधलं, छान बांधलं, दोन बाथरूम आहेत. तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते आहे, कारण गेल्या महिन्यात मी बेशुद्ध होऊन आयसीयूत पडले होते, तेव्हा हा मंडळात सांगून आला की बहिणीची हरकत नाही. मला हे खिडकीवरच्या क्लार्कने सांगितलं. "तुमचा विषय मिटलाय मॅडम, भावाने सांगितलंय ना." माझा विषय! माझ्या मागे! घरी येईपर्यंत माझ्या अंगाची लाहीलाही होत होती.

कलम २. हे कलम आत्याने सुनावणीत उभं राहून मोठ्याने वाचायचं.
लेखी द्यायचं नाही. लेखी दिलं की ते 'नोंद घेतली' म्हणतात आणि ती नोंद कुठल्या विहिरीत जाते ते कोणाला माहीत नाही.

मागच्या वर्षी मंडळाने 'लोकसहभाग' म्हणून मीटिंग घेतली. मला कोण आनंद! मी कामावर रजा टाकली, शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून अख्ख्या गल्लीचं मॉडेल बनवलं, घरोघरी जाऊन सांगितलं, चला, आपलं मत विचारतायत. लोक म्हणाले, "विचारून करणार काय?" मी म्हटलं, "आधी सांगा तर!" मंडळाकडून एक नकाशेवाले साहेब आले होते. चांगले कपडे, गोड आवाज. त्यांनी गल्लीचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि गोल स्टिकर वाटले, म्हणून गल्ली त्यांना स्टिकरसाहेब म्हणते. जे आवडतं तिथे हिरवा, जे बदलायचं तिथे लाल, असं ते एकदाच म्हणाले, तेही माइक खरखरत असताना. निम्मे लोक तर जेवणाच्या सुट्टीत नंतर आले.

आता आमच्या गल्लीत रंग कोणी शिकवावे लागत नाहीत. कटिंग टेबलावर कापडाला लाल खडूची खूण असेल तर तिथे कात्री लावायची नाही. हिरव्याने आखलंय ते कापून फेकायचं. शिवणाऱ्यांची पोरं हे बोलायला लागायच्या आधी शिकतात. तर लोकांनी काय केलं असेल? जीव असलेल्या प्रत्येक गोष्टीवर लाल लावला. कटिंग हॉलवर लाल, कारण त्याच्या मोठ्या खिडक्यांतून असा उजेड येतो की धाग्याची छटा चुकत नाही. बायका हातशिलाई करत बसतात त्या पायऱ्यांवर लाल. हातगाडी वळते त्या रुंद कोपऱ्यावर लाल. आणि हिरवा? हिरवा तुंबलेल्या गटारावर, आणि सगळ्यात जास्त हिरवे कचराकुंडीवर. एकावर एक, जागा पुरली नाही.

मी तिथेच होते. माझ्या लक्षात आलं तसं मी पळत जाऊन साहेबांना सांगितलं, "सर, हे उलटं लावतायत, यांच्यात लाल म्हणजे राखायचं." साहेब हसले. म्हणाले, "वा, फार इंटरेस्टिंग निरीक्षण! नोंद घेतो."

तीन महिन्यांनी साहेबांनी पुन्हा मीटिंग बोलावून प्लॅन दाखवला. हॉल पाडायचा, तिथे मोकळा प्लाझा. पायऱ्या काढून पार्किंग. हातगाडीच्या कोपऱ्यावर कारंजं. आणि कचराकुंडी, ऐका नीट, कचराकुंडी 'रहिवाशांच्या आवडीचं भेटीचं ठिकाण' म्हणून जपायची. भोवती बाक टाकणार होते. बाक! चित्रात एक म्हातारं जोडपं तिथे हसत बसलेलं दाखवलं होतं.

आत्या उभी राहिली. "हॉल पाडायला कोणी सांगितलं?"

साहेब म्हणाले, "आत्या, तुम्हीच सांगितलंत."

"मी तुमची आत्या नाही. कधी सांगितलं मी?"

"मॅडम, हा तुमचाच डेटा आहे. सगळ्यात जास्त लाल हॉलवरच आहेत. आम्ही मनचं काही घातलेलं नाही."

"अहो, मग कुंडीपाशी बसून दाखवा की एक तास!" इस्त्रीवाला मागून ओरडला. सगळे हसले, तेवढ्यात कोणीतरी माइक बंद केला, आणि साहेब शांतपणे म्हणाले की आता सहभागाचा टप्पा संपलेला आहे.

संपलेला आहे! जसं काही आम्ही बस चुकवली. मी नंतर पाच वेळा मंडळात गेले, दर वेळी वेगळी खिडकी. प्रत्येकाने मान्य केलं की गैरसमज झालेला दिसतो. एकानेही प्लॅनवर पेन्सिल लावली नाही. यांना चूक समजलीच नसती तर मी एवढी चिडले नसते. यांना चूक पहिल्या दिवशी सांगितली होती, त्यांना ती सोयीची पडली. प्लाझा त्यांना हवाच होता. फक्त तो मागितला आम्ही, असं दिसायला हवं होतं.

सुनावणीत आमची मागणी एकच: नकाशा पुन्हा पसरा, आणि या वेळी खडू आमच्या हातात द्या.

आत्या, इथे थांबायचं आणि त्यांच्याकडे बघत राहायचं. 'नोंद घेतो' म्हणाले तर खाली बसायचं नाही.

कलम ३. जंगम.
आईची मोठी कात्री शेजारी कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवालीला. तिची जीभ आणि ही कात्री एका हातात असलेल्या बऱ्या. पुठ्ठ्याचं मॉडेल बटणवाल्या काकांना, त्यांनी ते दुकानाच्या काचेत रस्त्याकडे तोंड करून ठेवावं, आणि मंडळाने प्रदर्शनाला मागितलं तर सरळ नाही म्हणावं. माझा बॅटरीवरचा स्पीकर आणि माइक इस्त्रीवाल्याला, त्याने तो चार्ज करून सुनावणीला आणावा, कारण त्यांचा माइक कधी बंद पडतो ते आपण पाहिलंय. लॅपटॉप तळमजल्यावरच्या काजेवाल्यांच्या पोरीला, पण तिने त्यातले माझे फोटो बघू नयेत. बँकेत उरलं असेल ते आत्याच्या चष्म्याला. जुनी फ्रेम चालेल म्हणाली तर कोणी ऐकू नये.

कलम ४. स्टिकरसाहेबांना.
लाल स्टिकरचं एक न वापरलेलं पान माझ्याकडे राहिलंय, ते त्यांना द्यावं. घरी ज्या ज्या गोष्टीवर त्यांचा जीव आहे तिच्यावर त्यांनी एकेक लावावा. मग आम्ही माणसं पाठवतो.

कलम ५. माझ्या मागे.
मंडळाने माझी शोकसभा घेऊ नये. 'तरुण, उत्साही कार्यकर्ती' असं कोणी म्हणायला लागलं तर इस्त्रीवाल्याने आपला माइक सुरू करावा. प्लाझा झालाच तर त्याला माझं नाव देऊ नये. फारच इच्छा असेल तर कचराकुंडीला द्या, ती तरी नक्की राहणार आहे.

आणि गल्लीतल्या पोरापोरींनो, यावरून 'जाऊ दे, मत सांगून काही होत नाही' असं शिकलात तर माझ्यासारखं वाईट कोणी नाही. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जायचं. पण आपलं मत त्यांनी काय म्हणून लिहिलं ते वाचल्याशिवाय उठायचं नाही.

कलम ६. हे कलम आत्ता घातलं आहे.
दोन साक्षीदार लागतात, आणि वकीलबाईंनी बजावलंय की ज्याला यातून काही मिळतं त्याची सही घेऊ नको. खालच्या क्लिनिकमधल्या नर्सताई आल्या. दुसरं कोणी मिळेना. इस्त्रीवाला आला, त्याला स्पीकर. काका आले, त्यांना मॉडेल. ओव्हरलॉकवाली तर कात्री घ्यायलाच आली होती, मी अजून जिवंत आहे हे तिला सांगावं लागलं. ज्याला काहीच दिलं नाही असं गल्लीत कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात दादा आला.

दारातूनच म्हणाला, "काय गं, मृत्युपत्र म्हणे? ऑपरेशनला चाललीस की लढाईला?"

"तू मंडळात काय सांगून आलास?"

"मंडळातल्या साहेबाचा फोन आला, म्हणून गेलो होतो. म्हटलं, ती आजारी आहे, तिची काही हरकत नाही. तुला त्रास नको म्हणून बोललो."

"मला विचारलंस?"

"तुझ्या तोंडात नळी होती, बये!"

"मग आत्याला विचारायचंस."

"मला कशाला विचारेल?" आत्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "मी इतर."

 दादाने कागद ओढून घेतले आणि उभ्या उभ्या सगळे वाचले. "वा! बटणवाल्याला, इस्त्रीवाल्याला, सगळ्या जगाला काही ना काही, आणि सख्ख्या भावाला ठेंगा?"

नर्सताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे साक्षीदार म्हणून चालतील."

सगळे त्याच्याकडे बघायला लागलो.

"अरे वा रे वा. मला लुटायचं, आणि वर पोच पण माझ्याकडूनच घ्यायची?"

"हो," मी म्हटलं.

"आज सही केली की उद्या मला म्हणता येणार नाही, की ही शुद्धीत नव्हती."

"म्हणूनच तर तू हवास."

तो खिडकीपाशी गेला. खाली हॉलमध्ये कापड फाडल्याचा आवाज येत होता. मग आत्याला म्हणाला, "तू बोलशील तिथे? एवढ्या लोकांसमोर?"

"एवढी वर्षं ऐकूनच घेतलंय रे. साठलंय पुष्कळ."

त्याने पेन मागितलं. म्हणाला, नुसती सही करणार नाही, मलाही दोन ओळी लिहायच्यात. मी म्हटलं, लिही. मी त्या खोडणार नाही.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: खोलीधारक

ठिकाण: वरची खोली, खिडकीजवळचं मशीन
तारीख: ९ मार्च

साक्षीदार पहिली: खालच्या क्लिनिकमधली नर्स. सही माझ्यासमोर झाली. सही करताना नाडी मी स्वतः पाहिली, जोरात होती, पण नियमित.

साक्षीदार दुसरा: मोठा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. ही पूर्ण शुद्धीत आहे, एवढी की समोरच्याला ताप होतो. मंडळात मी हिच्या वतीने जे बोललो ते हिला न विचारता बोललो, तसं मी उद्याच जाऊन सांगतो. खोली मात्र मला हवी होती आणि अजूनही हवी आहे. त्यावरून मी हिच्याशी भांडणार आहे, आणि समोरासमोर भांडणार आहे. त्यासाठी हिने हॉस्पिटलातून घरी यायचं आहे.